करंगळीखालचा य

७ जानेवारी २००२, नागभीड

आलापल्लीहून पुन्हा फोन. गजूभाऊंनी कॉम्प्युटर सेंटरमध्ये सगळ्यांसमोर रिसीव्हर माझ्यापुढे धरला, मेलेला उंदीर शेपटीने धरतात तसा. "घे, तुह्या प्रोग्रामची वरात निघाली तिथी."

तिथल्या सरकारी ऑफिसातल्या टायपिस्ट सरोजाबाई. आवाज शांत. शांत आवाजाचा मला जास्त राग येतो. म्हणाल्या, करंगळीखाली य पाहिजे, तिथे अर्धा श उमटतो. शेजारच्या कळीवर भलतंच चिन्ह. य शोधत होत्या, शेवटी एन्टरच्या वर कोपऱ्यात सापडला.

मी म्हटलं, "मॅडम, इथे बरोबर चालतो."

"इथी म्हणजे कुठी? मी तं इथी बसून राह्यली."

गजूभाऊ खो खो हसले. सेंटर त्यांचं, हसणं त्यांचं, प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर नावही त्यांचंच. माझी फक्त चूक.

लिहून ठेवतो म्हणजे उद्या मन पलटणार नाही: तक्त्यात, म्हणजे कोणत्या कळीला कोणतं अक्षर त्या यादीत, चूक नाही. टाइपरायटर शिकलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर तीच बोटं तशीच चालवता यावीत, एवढ्यासाठी हा प्रोग्राम. त्याचा तक्ता मी पुस्तकातून उतरवलेला नाही. बोकडे सरांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या मराठी मशीनसमोर बसून एकेक कळ दाबली, कागदावर काय उमटतं ते पाहिलं, मग लिहिलं. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. बारावीत नापास झालो म्हणून कळसुद्धा नीट दाबता येत नाही असं समजतात की काय.

९ जानेवारी

सापडलं. चूक त्यांच्या मशीनची. फोनवर सरोजाबाईंना कंट्रोल पॅनेल उघडायला लावलं, एकेक शब्द वाचून दाखवायला लावला. कळफलकाचा देश: विलायत. ज्याने मशीन बसवलं त्याने न बघता ओके दाबलं असणार.

माझा प्रोग्राम विंडोजला विचारतो, कोणती कळ दाबली? विंडोज नंबर सांगतं. पण देश बघून सांगतं! आमच्याकडे देश अमेरिका; त्यात करंगळीच्या शेजारची जी कळ २२२, तीच तिकडे १९२. आणि २२२ जाऊन बसला एन्टरच्या वर. कळ तीच, बोट तेच, आणि हे महाशय मधल्या मध्ये नाव बदलून सांगतात. दलाल साले.

म्हणजे कळीचं नाव विचारायचंच नाही. जागा विचारायची. कळफलक स्वतः जो जागेचा नंबर पाठवतो तो कुठल्याही देशात बदलत नाही. करंगळीची जागा ३९, शेजारची ४०. आधी जागा, मग तक्ता, मग अक्षर. हे आधी का सुचलं नाही? स्वतःचाच राग येतो आहे.

आपाला, मोठ्या बहिणीला, सांगितलं. (घरात आम्ही हिंदी-मराठी मिसळून बोलतो. वहीत जसं आठवतं तसं लिहितो.) ती साडीला फॉल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "अकरा तारखेच्या आत कर म्हणजे झालं."

११ फेब्रुवारीला त्याच ऑफिसात टायपिस्टच्या जागेसाठी टेस्ट आहे. त्याच कॉम्प्युटरवर, माझ्याच प्रोग्रामवर. आपा देसाईगंजहून, सासर सोडून, परत आली त्याला आता दोन वर्षं होतील. मोहल्ल्यातली एक बाई अजून रोज विचारते, "शमीम, किती दिवस आहेस?" ती जागा मिळाली तर आलापल्लीला खोली घेईन म्हणते. एक खोली, एक कुलूप, किल्ली तिच्याकडे.

टाइपरायटरवर आपाइतका वेग कोणाचा नाही आमच्या गावात. बोटं दिसत नाहीत.

१४ जानेवारी

झाला. विलायत ठेवून पाहिला, अमेरिका ठेवून पाहिला. जर्मनी ठेवला, तिथे तर वाय आणि झेड एकमेकांच्या जागी बसलेले, तरी माझी मराठी अक्षरं जागची हलली नाहीत. सेंटरमध्ये उभा राहून मोठ्याने "हा!" म्हणालो.

गजूभाऊ: "जर्मनीत कोण मराठी टाइप करून राह्यला बे?"

तिळगूळ दिला त्यांनी, तोही चावताना हसत होते. फ्लॉपी पुठ्ठ्यात बांधून आलापल्लीच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिली. त्याला म्हटलं, टायरवर ठेवू नका, इंजिनजवळ ठेवू नका. तो म्हणाला, "मांडीवर घेऊन बसतो ना भाऊ, लेकरावानी."

१७ जानेवारी

फोन. य अजून शच्याच जागी. श यच्या जागी. बाकी सगळं बरोबर, म्हणाल्या. एन्टरच्या वरचा कोपरा आता रिकामा, तेवढं चांगलं झालं.

माझा तोल गेला. म्हणालो, "मॅडम, तुमचीच करंगळी चुकीच्या जागी जात असेल."

सरोजाबाई म्हणाल्या, "तू इथी ये बेटा. माह्या करंगळीच्या समोर बोल."

जातो. दाखवूनच येतो.

२१ जानेवारी, आलापल्ली

सकाळच्या गाडीने गडचिरोली, तिथून दुसरी गाडी. आष्टीच्या पुढे खिडकीत सागच साग. मी काही बघितलं नाही. मनातल्या मनात बाईंना समजावून सांगत होतो.

सरोजाबाई सिरोंच्याच्या, केसात अबोली, टेबलावर तेलुगू पंचांग. काही वाद घातला नाही. स्क्रीनकडे पाठ करून बसल्या आणि "यादी" टाइप केलं. पडद्यावर "शदी"; टाइपरायटरच्या पद्धतीत अर्ध्या श ला काना लागला की तो पूर्ण श होतो. पुन्हा केलं. "शदी." मग त्यांनी चंद्रपूरला शिकलेल्या क्लार्कला हाक मारली. त्याचंही "शदी". मग शिपाई, जो गडचिरोलीला टायपिंग शिकून शिपाईच राहिला होता. "शदी."

मी म्हटलं, सगळे एकाच ठिकाणी चुकीचं शिकले असतील.

बाई उठल्या. कपाटातून ऑफिसचं जुनं टाइपरायटर काढायला लावलं. शिपायाने आणि मी उचललं. कागद घातला. मला म्हणाल्या, "आता तू कर."

मी न बघता "यादी" टाइप केलं.

कागदावर शदी.

कळांवर अक्षरं स्पष्ट छापलेली होती. करंगळीखाली य, शेजारी अर्धा श. माझं बोट सरळ शेजारी गेलं होतं, जसं घरच्या उंबरठ्यावर पाय जातो तसं.

चहा दिला. तसाच ठेवला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "रागाऊ नको. तुह्या मशीनमंधेच काही असंल." मला दया दाखवलेली अजिबात चालत नाही.

आता परतीच्या बसमध्ये एकच हिशोब: मी शिकलो त्याच मशीनवर आपाही शिकली.

२२ जानेवारी

बोकडे सर. इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजीची रांग, मराठीचं एकच मशीन, सगळ्या कळा काळ्या ऑइलपेंटने रंगवलेल्या. पोरांनी खाली बघू नये म्हणून. आम्हाला याचंच कौतुक सांगायचे. "माह्या इथला पोरगा आंधळा टाइप करते."

म्हटलं, "सर, या मशीनवर य आणि श उलटे आहेत."

"असंल."

"असंल म्हणजे?"

"मले काय मालूम? मी तं इंग्रजीवाला. आजवर एक पोरगा य च्या पायी नापास झाला काय, सांग?"

नाही झाला. कसा होणार? सरकारी परीक्षेला आपापलं मशीन घेऊन जायची पद्धत. आमचं मशीन पोत्यात बांधून, हातगाडीवरून बसस्टँड, एसटीच्या टपावर, ब्रह्मपुरी. तिथल्या परीक्षा केंद्रावर एकामागून एक सगळ्यांनी त्याच मशीनवर द्यायची. मीही दिली. आपाला तर शंभरात नव्वदच्या वर. मशीनही आमचं, बोटंही आमची, परीक्षक फक्त कागद बघणार. आणि कागद बरोबरच!

आख्ख्या गावाची करंगळी वाकडी, आणि गावाबाहेर पडेपर्यंत कोणाला पत्ता नाही. जे बाहेर पडले त्यांनी काय केलं असेल? लाजेने गप्प बसून नवीन शिकले असतील.

मी ओरडत होतो. पोरी टाइप करायच्या थांबल्या. सर शांतपणे म्हणाले, "माह्यावर काऊन भडकतं? तुह्या बापाले विचार ना. मशीन त्यानंच खोललं होतं."

२३ जानेवारी

काल विचारलं नाही. रागात विचारलं असतं तर अब्बा उत्तरच देत नाहीत, रेडिओ लावतात.

आज त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात विचारलं. अब्बा शिलाई मशीनचा शटल साफ करत होते. त्यांना आठवायला वेळच लागला नाही.

"हां. एका कळीचा दांडा लंगडा झाला होता. करंगळीवाला. तिचा खिळा, म्हंजे अक्षराचा ठसा, घासून घासून चपटा. शेजारचा खिळा नवा कोरा. म्हंजे कोणता जास्त चालते? घासलेला. मंग लंगड्या दांड्यावर जड माणूस काऊन बसवाचा? दोन्ही खिळे काढले, अदलाबदल करून कथलानं झाळले."

"अक्षर कोणतं ते नाही पाहिलं?"

"मले मराठी वाचता येते काय? मी वजन पाह्यतो."

"बोकडे सरांना सांगितलं होतं?"

"सांगितलं ना. म्हटलं नागपूरहून पार्ट येतपर्यंत चालवा. पार्ट आलाच नाई. मशीन चालत होती."

खरं सांगायचं तर काम चांगलं आहे. झाळ आजही निघालेली नाही. याच गोष्टीने डोकं फिरतं. वाईट काम असतं तर मशीन बंद पडलं असतं, कोणीतरी नीट केलं असतं. अब्बांनी इतकं चांगलं केलं की बिघाड दिसलाच नाही. आणि मी तोच बिघाड जपून, तपासून, दोनदा उतरवून घेतला आणि आलापल्लीला पाठवला.

कोणावर ओरडू?

२५ जानेवारी

आपाला सांगितलं. आधी हसली. मग सुई फॉलमध्ये टोचून ठेवली. "मंग? माह्ये बोट खोटे?"

मी म्हटलं, खोटे नाहीत, आणि उपायही आहे. आणि खरंच आहे! आता प्रोग्राममध्ये जागा वेगळी आणि अक्षर वेगळं, मधे फक्त तक्ता. मग तक्ते दोन ठेवा. सुरुवातीला विचारा, कोणती बोटं? चंद्रपूरवाल्याने त्याचा निवडावा, नागभीडवाल्याने त्याचा. दुपारी लाइट आली तेव्हा बसलो, लाइट जायच्या आत झालं. दोन नावं दिली: "मूळ" आणि "नागभीड".

गजूभाऊंनी ऑफिसला फोन लावला. मला बोलू दिलं नाही. फोन ठेवून म्हणाले, "साहेब म्हणते, टेस्टमंधे सगळ्याले एकच. मूळवाला. दुसरा काढून पाठवा. एका गावच्या पोरीसाठी बटण ठेवलं तं बाकीचे बोंब मारतीन."

"कोणाचं काय नुकसान होतं? ज्याने त्याने आपापल्या बोटाने टाइप करायचं. टायपिंगची टेस्ट आहे, जागा शोधायची नाही!"

"तुही सख्खी बहीण बसून राह्यली टेस्टले. तू तं बोलूच नोको."

हे बरोबर आहे. म्हणूनच खुर्ची लाथाडली. गजूभाऊ म्हणाले खुर्ची सेंटरची आहे.

२९ जानेवारी

प्रोग्राममध्ये गुपचूप एक जोडी टाकली. दोन कळा एकदम दाबल्या की आतून तक्ता बदलतो, पडद्यावर काही दिसत नाही. कोणाला कळणार नाही. दिवसभर सेंटरमध्ये कोणी "आरिफ" म्हटलं की दचकायचो.

संध्याकाळी आपाला दाखवलं. तिने एकदा दाबून पाहिलं. "यादी" बरोबर आली. मग माझ्याकडे पाहिलं.

"आन् नोकरी लागल्यावर? रोज चोरून दाबू? सरोजाबाई बाजूले बसंल, आन् मी हे दाबत राहू?"

"एकदा लागू तर दे."

"मले असल्या कुलपाची किल्ली नोको."

मी म्हटलं, मग नापास हो. म्हणालो खरं. म्हणायला नको होतं.

३ फेब्रुवारी

गजूभाऊंनी सेंटर रविवारी उघडून दिलं, ते मात्र खरं. आपा मूळ तक्त्यावर बसते. करंगळीला साडीच्या फॉलची पट्टी बांधते, बोट निघालं की आठवावं म्हणून. हळू केलं तर बरोबर येतं. वेग धरला की बोट गेलंच शेजारी. "यांना" चं "शंना". "यश" चं "श्या". ती प्रत्येक वेळी मागे जाऊन खोडते, आणि खोडण्यात मिनिट जातं.

आज तिने कळफलक उचलून आपटला. गजूभाऊंनी तो उचलून परत जागेवर ठेवला.

मला म्हणाली, "तू नीट केलं म्हणून मी बिघडली. असंच उलटं राहू द्यायचं होतं."

"मग चंद्रपूरच्या, गडचिरोलीच्या पोरी नापास झाल्या असत्या."

"त्या माह्या कोण लागते?"

घरी जेवतानाही हेच. मीही बोललो, तीही बोलली. अब्बा खाली मान घालून जेवत होते. रेडिओ लावला नाही.

४ फेब्रुवारी

अब्बा दुकान बंद ठेवून हत्यारांची पेटी घेऊन इन्स्टिट्यूटला गेले. बोकडे सर वरोऱ्याला लग्नाला गेलेले. अब्बांनी पोरींना बाहेर बसवलं, मशीन उलटं केलं, दोन्ही खिळे सोडवले, ज्याचे त्याच्या जागी झाळले. लंगड्या दांड्याला जुन्या शिलाई मशीनची एक पट्टी कापून आधार दिला. मला बोलावून म्हणाले, दाबून पाहा.

दाबून पाहिलं. य यच्या जागी. पट्टी घट्ट. दांडा लोण्यासारखा उठतो.

एका दुपारचं काम.

"हे तेव्हाच का नाही केलं? पट्टी तेव्हाही होतीच ना दुकानात!"

"तेव्हा कोनी म्हटलंच नाई खराब आहे म्हणून. सगळे पास होऊन राह्यले होते."

मी पेटी उचलून घरी आणली.  अब्बा मागून चालत होते, चपलेचा आवाज येत होता, एवढंच.

७ फेब्रुवारी

छुपी जोडी काढली. दुसरा तक्ता काढला. फक्त मूळ. काढल्यावर सगळं पुन्हा तपासलं. प्रोग्राम आता पूर्ण बरोबर आहे, जगात कुठेही बरोबर. इतका राग कधी आला नव्हता कुठल्या बरोबर गोष्टीचा.

फ्लॉपी त्याच कंडक्टरकडे. "लेकरू पुन्हा चाललं काय?" म्हणाला.

आपा आता इन्स्टिट्यूटमध्ये नीट झालेल्या मशीनवर सराव करते. कालपासून माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. "पाणी दे." "दार लाव."

११ फेब्रुवारी, आलापल्ली

टेस्ट झाली. आम्ही काल येऊन सरोजाबाईंकडे उतरलो. त्यांनीच आग्रह केला. आपा आणि त्या स्वयंपाकघरात काय बोलत होत्या कोण जाणे, हसत होत्या. माझ्यावर असणार.

मी बाहेर, लाकूड डेपोच्या भिंतीशी. आतून कळांचा आवाज, सगळ्यांचा मिळून एकच. त्यात आपाचा कोणता ते ओळखायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

बाहेर आली तेव्हा करंगळीवर पट्टी नव्हती.

"पट्टी?"

"आत काढाले लावली. साहेबाले वाटलं चिठ्ठी आहे."

माझ्या डोक्यात जाळ. आत जायला निघालो. तिने दंड धरला. "बस ना. झालं ते झालं."

"कसं झालं?"

"आधी चांगलं गेलं. मंग वेग आला, आन् बोट घरी निघून गेलं. ओढून आणलं. मंग पुन्हा गेलं."

"किती वेळा?"

"तुले मोजाचंच सुचते."

निकाल ऑफिसच्या फळ्यावर लागेल. कधी, ते साहेबांना विचारायची हिंमत कोणी केली नाही. सरोजाबाई म्हणाल्या, लागला की फोन करते.

१३ फेब्रुवारी, नागभीड

फोन नाही.

बोकडे सरांनी मशीन हातगाडीवर घालून आमच्या दारात आणून उतरवलं. मागे चार पोरी, दोघींचे डोळे सुजलेले. ब्रह्मपुरीची परीक्षा तोंडावर आली आणि मशीन एका दुपारीत परकं झालं.

"मिस्त्री, होतं तसं करून द्या. या पोरीचं नुकसान काऊन करता?"

मी मधे पडलो. म्हटलं, आता उलटं केलंत तर या पास होतील आणि उद्या आपासारख्या अडकतील. एक पोरगी, अजून शाळेच्या ड्रेसमध्ये, फटकन म्हणाली, "उद्याचं उद्या पाहू ना भाऊ. आधी पास तं होऊ द्या!" बोकडे सर म्हणाले, "पाह्य, लेकरं पण तेच म्हणते." मी त्यांना नको ते बोललो. इथे लिहीत नाही.

अब्बांनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. मशीन आत घेतलं. झाळायचं खारं, तांब्याच्या टोकाचं हत्यार, गरम करायला ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला. बोल, कोणतं ठेवू?"

मला उत्तर येत होतं. गेले पंधरा दिवस मी तेच ओरडून सांगतो आहे. पण ओट्यावर त्या चौघी होत्या. याचाही राग आला.

मी म्हटलं, "आपाला विचारा."

आपा आतून आली, हात पदराला पुसत.  मशीनसमोर पाट ओढला, कागद घातला, डोळे मिटले आणि टाइप करायला लागली, वेगात, पहिल्यासारखं. अब्बा खारं हातात धरून थांबले; आता तिचं बोट जिथे जाईल तेच उत्तर. मी तिच्या मागे उभा होतो, कागद तिच्या खांद्याआड. य आणि श शेजारी शेजारी. दोन्ही कळांचा आवाज सारखाच येतो.